कोकरेवस्तीवरचा बर्फ

प्रांजलनं नवरा बघून लग्न केलं नव्हतं, भिंत बघून केलं होतं. हे ती चारचौघांत सांगत नसे, पण खरं तेच होतं. तिची आई आणि चुलता केंदूरहून कोकरेवस्तीवर स्थळ बघायला निघाले, तेव्हा पोरीनं आधीच बजावलं होतं, "घराचे फोटो काढून आणा. गोडगोड वर्णन नको." आईनं ट्रॅक्टरचा फोटो काढला, विहिरीचा काढला, गोठ्याचा काढला आणि निघता निघता बैठकीच्या खोलीतल्या भिंतीचाही काढला.

त्या भिंतीवर बर्फ होता. कोकरेवस्ती म्हणजे दौंड तालुक्यातली भीमेकाठची चार घरं, उन्हाळ्यात पत्र्याला हात लावायची सोय नाही, आणि भिंतीवर मनालीचा बर्फ, तवांगचा बर्फ, लडाखचे उघडेबोडके डोंगर, गंगटोकच्या वरचं तळं आणि तळ्याकाठी सजवून उभा केलेला याक. प्रत्येक फोटोत सासू-सासरे जोडीनं. सासरे बिरदेव कानटोपी घालून, एक हात बायकोच्या खांद्यावर. सासू अनसाबाई डोक्यावरून पदर घेऊन, कॅमेऱ्याला दटावल्यासारख्या बघत. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेलं घराणं, प्रांजलला वाटलं, फिरण्याची आवड रक्तातच असणार.

प्रांजलच्या बापानं तिच्या आईला जेजुरीच्या पुढं नेलं नव्हतं, आणि जेजुरीलाही तो चार पायऱ्या पुढं चालायचा. तिनं तो भिंतीचा फोटो बोटांनी मोठा करकरून बघितला. जिथं सासू याकाशेजारी उभी राहते तिथं सुनेला कोण अडवणार, असा सरळ हिशेब तिनं मांडला आणि वाघोलीचं फ्लॅटवालं स्थळ नाकारून सार्थकला होकार दिला. सार्थक रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टला होता, दिसायला बरा होता, हे सगळं नंतरचं.

बैठकीत आईनं एक अट मात्र घातली. "आमची पोर शिकल्याली हाय. शेणाघाणात हात घालणार न्हाई, धारा काढणार न्हाई." घरात चार जर्सी गाई, दोन वेळा डेअरीला दूध. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. अनसाबाईंनी मात्र क्षणभरही वेळ न लावता मान हलवली. "न्हाई घालणार. मी हाय, हे हायती." तिथंच सुपारी फुटली.

लग्न झालं, दिवाळी आली आणि गेली, पण प्रांजलनं शिरूरच्या बाजारपेठेपलीकडं काही बघितलं नाही. स्पितीला जायचं तिच्या मनात कॉलेजपासून होतं. विषय काढला की घरातल्या तिघांच्या तीन तऱ्हा व्हायच्या. सार्थक म्हणायचा, "बघू." बिरदेव खाकरून बाहेर जायचे. अनसाबाई म्हणायच्या, "जाल की, कुठं पळून चाललाय डोंगर," आणि किटली उचलून गोठ्याकडं वळायच्या. एकदा असं झालं तर समजू शकतो. दर वेळी असंच व्हायला लागलं तेव्हा प्रांजलच्या मनात पाल चुकचुकली.

ती मुळातच शंकेखोर. माहेरी टोमॅटो विकताना व्यापाऱ्याचा काटा दोनदा शून्यावर आणायला लावायची. "हिला देवानं नाक जरा लांबच दिलंय," असं तिची आई म्हणायची, आणि त्यात कौतुक कमी आणि काळजी जास्त असायची.

संक्रांतीआधी तिनं साफसफाई काढली आणि भिंतीवरचे फोटो उतरवून पुसायला घेतले. मनालीचा फोटो पुसता पुसता तिचा हात थांबला. अनसाबाई बर्फात उभ्या होत्या आणि पायात स्लिपर होती. साधी रबरी स्लिपर, एका पायाचा पट्टा निळा आणि दुसऱ्याचा लाल, तुटला म्हणून बदललेला. प्रांजलनं दारातून डोकावून बघितलं. गोठ्याच्या तोंडाशी तीच जोडी पडलेली होती, एक निळी, एक लाल.

बर्फात स्लिपर घालून कोण जातं? मग तिनं फोटो उजेडात धरला. बिरदेवांची सावली डाव्या अंगाला लांबवर पडलेली. अनसाबाईंना सावलीच नव्हती.

त्या दिवसापासून तिचं कामात लक्ष लागेना. रात्रीचं जेवण वाढता वाढता तिनं सहज विचारल्यासारखं केलं, "मामा, तवांगला थंडी किती होती हो?" सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची इकडची रीत. बिरदेव खुलले. रस्त्यात गाडी कशी अडकली, लष्कराच्या पोरांनी चहा कसा पाजला, सगळं रंगवून सांगितलं. अनसाबाई खाली मान घालून भाकरी मोडत राहिल्या. दुसऱ्या दिवशी तिनं सासूला गंगटोकचं विचारलं. आता अनसाबाईंची कळी खुलली. याक कसा शिंकला आणि पदर कसा ओला केला, हे सांगताना त्या पोट धरधरून हसल्या. बिरदेव मात्र भातात ताक ओतत राहिले, ताक ताटाबाहेर आलं तरी.

नवराबायको जोडीनं गेले असतील तर एकानं सांगताना दुसरा मध्ये तोंड घालतोच. "न्हाई वो, तो घाट नव्हता," असं काहीतरी म्हणतोच. तिचे आईबाप साध्या जेजुरीवरून भांडायचे. इथं एक बोलतोय तर दुसरा गप्प, जणू कानांवर पहिल्यांदाच पडतंय.

लोखंडी पेटीत गरम कपडे ठेवलेले असतात हे तिला ठाऊक होतं. पेटी उघडली तर आत एकच जाड जॅकेट निघालं. उलटसुलट करून बघितलं, तळ चाचपला. माणसं दोन, आणि जॅकेट एक.

पण तिची खरी झोप उडवली ती जुन्या मोबाईलनं. कपाटात बिरदेवांचा जुना फोन पडला होता, काच तडकलेली. सासू-सासरे रानात गेल्यावर तिनं तो चार्जिंगला लावला. हे बरं नव्हे, हे तिला कळत होतं. कळूनही तिनं लावलाच. गॅलरीत लडाखचा फोटो सापडला, तोच, भिंतीवरचा. तेच डोंगर, तीच कानटोपी, बिरदेवांचा तोच हात बाजूला उचललेला. फक्त हाताखाली कुणी नव्हतं. हात नुसताच हवेत. माणूस कॅमेऱ्याकडं बघून हसतोय आणि शेजारी रिकामी जागा.

प्रांजलनं फोन पालथा ठेवला. तिनं एका दमातच अर्थ लावला. इथं कुणीतरी होतं. जिच्या खांद्यावर हात होता तिला पुसून टाकलं, आणि भिंतीवर तिच्या जागी सासूला चिकटवलं, स्लिपरसकट. आजकाल फोटोतून माणूस गायब करणं म्हणजे चिमटीनं केस काढण्याइतकं सोपं. आणि बिचाऱ्या आत्या रोज त्या भिंतीखाली बसून शेंगा फोडतात!

त्यातच एक दिवस बिरदेव अंगणात फोनवर बोलताना तिनं ऐकलं. म्हणजे ऐकू आलं असं ती म्हणेल, पण ती पाण्याच्या टाकीमागं उभी राहिली होती हे खरं. "एकच शीट धरा, विनोदशेठ," ते हळू आवाजात म्हणत होते. "न्हाई, न्हाई, जोडीचं नगं. आन् घरी फोन करू नगा, घरात आता सून आलीय. जरा दमानं घ्या." फोन ठेवून त्यांनी आजूबाजूला बघितलं. तिला संशय होता तो आता खात्रीच्या जवळ पोचला.

सार्थक सेकंड शिफ्ट करून आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिनं त्याला गाठलं. चारचौघांत ती त्याला अहोजाहो करायची, एकटं असताना नाही.

"तुझ्या बापाचं कुणाशी काही आहे का?"

सार्थकनं कप तोंडापासून लांब केला. "काय बी काय बोलतीस?"

"मग भिंतीवरचे फोटो खरे आहेत का? एवढंच सांग."

त्यानं कप खाली ठेवला. बूट घालायला लागला, कंपनीची बस यायला अजून अर्धा दिवस होता तरी. "तू त्या भिंतीच्या नादी लागू नको, प्रांजल. ती आप्पा-आईची हाय. त्यांची त्यांना राहू दे."

म्हणजे याला माहीत होतं! एकटा सासरा नाही, सगळं घरच सामील. प्रांजलला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. नुसती फिरायला मिळण्याची गोष्ट आता राहिली नव्हती. ज्या भिंतीवर विश्वास ठेवून आपण या घरात आलो ती भिंतच खोटी असेल, तर इथली कुठली गोष्ट खरी मानायची? खोट्या घरात संसार करायचा की केंदूरला परत जायचं, इथपर्यंत तिचा विचार गेला. पण पुराव्याशिवाय परत जाणाऱ्यांतली ती नव्हती.

तिनं लडाखचा फोटो भिंतीवरून उतरवला. काच सैल झालीय, बसवून आणते, असं सासूला सांगून ती पिशवीत घालून शिरूरला गेली. फोटोच्या मागं स्टुडिओचा शिक्का होता. बाजारपेठेतलं दुकान, पुढं वाढदिवसाचे फ्लेक्स वाळत घातलेले, आत कॉम्प्युटर. मालक ईश्वर, जाड भिंगाचा चष्मा, तोंडात बडीशेप. त्यानं फोटो बघितला मात्र, ओळखीचं हसला.

"कोकरेवस्ती! तुम्ही नव्या सूनबाई का? बसा, बसा. मग, यंदा कुणाचा नंबर?"

"कसला नंबर?"

"जायचा! गेल्या साली मालकीण गेल्या होत्या, बचत गटाच्या बायकांबरोबर, गंगटोकला. त्यांचा फोटो आला, मग मालकांना इथं उभं केलं, टोपी घालून, आणि याकाशेजारी बसवलं. त्याच्या आदल्या साली मालक तवांगला गेले होते. हा लडाखचाही मालकांचाच." त्यानं काचेवर बोट ठेवलं. "मालकीणबाईंचा तेव्हा गोठ्यापुढंच काढलेला फोटो घरून आला होता, मनालीलाही तोच लावला. मी म्हटलं पायातलं तेवढं बदला. म्हणाल्या, असू दे, पाय कोण बघतंय."

"म्हणजे दोघं एकत्र..."

"कधीच नाही! गाईंच्या धारा कोण काढणार मग?" ईश्वर मनापासून हसला. "पण शिस्तीची माणसं. जो जातो तो दुसऱ्यासाठी जागा सोडूनच उभा राहतो. मालक तर हातसुद्धा बरोबर खांद्याच्या उंचीवर धरतात. मला काही करावं लागत नाही, नुसतं आणून हाताखाली ठेवायचं."

प्रांजल दुकानातून उतरली तेव्हा तिला हायसं वाटायला हवं होतं. पुसलेली बाई नव्हती, चोरटं प्रेम नव्हतं. पण तिला हायसं वाटलं नाही. हवेत धरलेला तो हात डोळ्यांपुढून हलेना. आणि मागोमाग रागही आला. फसवलं ते फसवलंच.

संध्याकाळी ती सरळ गोठ्यात गेली. अनसाबाई गवरी नावाच्या गाईखाली बसल्या होत्या, बिरदेव पेंड भिजवत होते. प्रांजलनं फोटो गव्हाणीवर ठेवला.

"आत्या, ह्यातल्या एका तरी डोंगरावर तुम्ही दोघं बरोबर गेलाय?"

किटलीत पडणाऱ्या धारेचा आवाज थांबला. बिरदेव पेंडीचं घमेलं तसंच धरून उभे राहिले. मग अनसाबाई म्हणाल्या, "ईश्वर बोलला व्हय? त्याच्या तोंडाला कडी न्हाई."

"मला फसवलं तुम्ही."

"तुज्या आईनं इचारलं, जोडीनं फिरता का? मी म्हणले, फोटू बघा की. खोटं न्हाई बोलले." मग त्यांनाच ते पटलं नाही. पदरानं तोंड पुसून त्या म्हणाल्या, "बोललेच म्हण. सांगायची लाज वाटली."

बिरदेवांनी घमेलं खाली ठेवलं. "एकदा गडी ठिवला हुता, सूनबाई. जोडीनं जायचं म्हणून. निघायच्या आधी चार दिस त्याच्या हाताखाली गाई दिल्या, तर त्यानं एका गाईचं सड बाद केलं. तवापास्नं परक्याचा हात लावला न्हाई. सार्थक जवळ गेला तर कंपनीच्या ऑइलच्या वासानं गाय लाथ घालती. मग ठरवलं, कधी मी जायचं, कधी हिनं." ते जरा थांबले. "माजा बा आन् आई मेंढरांमागं जोडीनं कोकणात उतरायची. घरच पाठीवर. लोक म्हणायचे, बिचारी भटकी. आम्ही जागेवर बसलो, सुखी झालो, आन् जोडीनं उंबरा वलांडता येईना. मेंढरं संगं चालत्यात. गाई न्हाई चालत."

"पण आम्हाला का अडवलंत? तुम्ही घरी असताना आम्ही दोघं जाऊ शकलो असतो."

याचं उत्तर अनसाबाईंनी गाईच्या पोटाला डोकं टेकवून दिलं, सुनेकडं न बघता.

"तुमी गेला असता तर जोडीचा फोटू आणला असता. खरा. त्यो भिंतीवर लागला असता आन् आमचं सगळं खोटं दिसलं असतं. एकदा तरी आमचा खरा व्हावा, मग तुमचा, असं वाटायचं. पर तुला धार शिक म्हणायची सोय नव्हती. शबुद दिला हुता तुज्या आईला."

सासूचा मत्सर आपल्या तोंडावर इतका सरळ येईल असं प्रांजलला वाटलं नव्हतं. रागवायचं म्हटलं तर आता राग हाताला लागेना. ती तशीच घरात गेली, साडी बदलली आणि परत आली. अंगावर अनसाबाईंचं गोठ्यातलं जुनं पातळ होतं, शेणाचा आणि दुधाचा वास असलेलं, गाईनं ओळखावं म्हणून.

"सरका जरा," ती म्हणाली. "आणि आईला केंदूरला कुणी सांगितलं तर बघा."

गवरीनं पहिल्या दिवशी किटली उडवली, दुसऱ्या दिवशी प्रांजलला. गाईसुद्धा सुनेइतकीच शंकेखोर निघाली, दर वेळी मान वळवून हुंगून बघायची. अनसाबाई शेजारी उकिडव्या बसून शिकवायच्या, "वढू नको, दाब. आन् बोलत ऱ्हा तिच्याशी." प्रांजलला गाईशी काय बोलायचं सुचायचं नाही, म्हणून ती तिला स्पितीच्या रस्त्याची माहिती सांगायची. शिमगा झाला, ऊस गेला, ऊन वाढलं. एका संध्याकाळी गवरीनं मागं न बघता पान्हा सोडला आणि प्रांजलला आपल्या पदवीचं झालं नव्हतं एवढं कौतुक वाटलं.

त्याच आठवड्यात तिनं सहली काढणाऱ्या विनोदशेठला स्वतः फोन केला. "दोन सीट धरा. जोडीचं. स्पितीला." बिरदेव नको नको म्हणाले, तुम्हीच जा म्हणाले. अनसाबाई काही बोलल्या नाहीत. त्या पेटी उघडून बसल्या आणि एक जॅकेट बाहेर काढलं. दुसरं सार्थकनं कंपनीतल्या मित्राकडून आणलं. निघताना त्या सुनेच्या कानाशी आल्या, "आमी आलो की तुमचं तिकीट. आता ही भिंत आडवी यायची न्हाई."

गेल्यावर तिकडून काहीच कळेना. वर रेंज नाही, असं विनोदशेठचं माणूस म्हणालं. प्रांजल सकाळ-संध्याकाळ धारा काढत होती आणि फोन खांद्याला बांधल्यासारखा जवळ ठेवत होती. काही लपवत तर नसतील ना, तब्येत बिघडली असेल तर, अशी शंका यायचीच. सवय इतक्यात जात नाही.

संध्याकाळी ती गवरीखाली बसायच्या तयारीत असताना फोन वाजला. काझाहून फोटो आला होता. मागं उघडे, मातकट डोंगर आणि टोकावर बर्फ. पुढं बिरदेव आणि अनसाबाई. दोघांच्या अंगात जॅकेटं. अनसाबाईंच्या पायात चक्क बूट. दोघांच्या सावल्या एकाच अंगाला पडलेल्या. प्रांजलनं आधी त्या सावल्याच बघितल्या आणि सुटकेचा श्वास सोडला.

मग तिनं फोटो मोठा केला. बिरदेवांनी हात बाजूला उचलून धरला होता, बरोबर खांद्याच्या उंचीवर. हाताखाली कुणी नव्हतं. त्या रिकाम्या जागेच्या पलीकडं, एक माणूस मावेल एवढं अंतर सोडून, अनसाबाई उभ्या होत्या. त्यांनीही आपल्या बाजूला जागा सोडली होती. दोघंही कॅमेऱ्याकडं बघून हसत होते आणि दोघांच्याही काही लक्षात आलं नव्हतं.

प्रांजलला आधी हसू फुटलं. मग ते हसू तिला आवरेना आणि त्याचं रडू कधी झालं हेही कळलं नाही. गाय मान वळवून बघायला लागली. तिनं नाक पुसलं आणि फोन तोंडाशी धरून आवाज पाठवला, "मामा, आत्या तिथंच हायत. शेजारीच. हात ठेवा."

एकच टिक आली. रेंज गेली असावी. ती धार काढायला बसली.

किटली भरून ती उठली तेव्हा दुसरा फोटो येऊन पडला होता. जागा तीच, डोंगर तेच. अंतर उरलं नव्हतं, बिरदेवांचा हात बायकोच्या खांद्यावर टेकला होता, नव्या नवरदेवासारखा अवघडून. अनसाबाई या वेळी कॅमेऱ्याकडं बघत नव्हत्या. मान वळवून, डोळे बारीक करून त्या खांद्यावरच्या त्या हाताकडं बघत होत्या, खराच आहे ना, अशा संशयानं.